हिंगण्याची झोपडी लेकीला दाखवा



माल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात आलात आणि हाताशी दोन-तीन तास असले, तर कर्वेनगरला जाऊन या. लेकीलाही बरोबर घ्या. हे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक.

इथल्या महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या फाटकावर परवानगी विचारा आणि आवारात पायी हिंडा. मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज दिसेल. पण थांबायचं ते जपून ठेवलेल्या एका लहानशा झोपडीपाशी.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर, अशा झोपडीत आला. सहा एकर जमीन रावबहादूर गोखल्यांनी दिली. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि तिथून पायी इकडे येत. १९१६ साली इथंच देशातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू झालं. शिकवणं मराठीतून, आणि विद्यार्थिनी किती? पाच! आपण नांगे भरायलासुद्धा याहून जास्त रोपं राखून ठेवतो. त्याच विद्यापीठाला आज एसएनडीटी म्हणतात. त्याचं मुख्य ठिकाण १९३६ साली मुंबईला गेलं.

दहावी झाली, कॉलेज लांब, म्हणून मुलीला घरी बसवणारी घरं मला दौऱ्यात अजून भेटतात. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. शाळेत चौकशी करा. बी चांगलं आहे, पेरणीची वेळ तेवढी चुकवू नका.