विश्लेषण : गाजर गवत फुलल्यावर कापून काय उपयोग?

पावसाळा निम्मा सरला की रस्त्याच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, बांधावर बारीक पांढरी फुले दिसू लागतात. मग यंत्रणेला जाग येते, कापणी यंत्र फिरते. तोवर बी पडलेले असते.

नाव ‘काँग्रेस’ का?

मूळचे अमेरिका खंडातील हे पार्थेनियम भारतात ठळकपणे नजरेस आले ते १९५५ मध्ये, पुण्यात. अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ गव्हातून ते आले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र भारताने तो करार केला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्यामुळे संशय जातो तो त्याआधी आयात झालेल्या धान्याकडे. तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे नाव चिकटले ते चिकटलेच. खरे तर हे गवतही नव्हे, सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती आहे.

नुकसान कोणाचे?

एका झाडाला हजारो बिया येतात. वारा, पाणी, वाहनांची चाके त्या पसरवतात आणि मातीत त्या काही वर्षे तग धरतात. या झाडातील रसायने शेजारच्या पिकाची उगवण दाबतात. गायरानात चारा उरत नाही. चाऱ्यातून पोटात गेलेच तर दूध कडवट होते. शेतकरी आपले रान स्वच्छ ठेवतो, पण बी येते शेजारच्या बेवारस रस्त्याकडेहून. परागकणांनी दमा बळावतो. खुरपणीला जाणाऱ्या बायकांच्या हातांवर उठणारे पुरळ तर कुठल्याच हिशेबात नाही. जगभरातील आक्रमक प्रजातींचे वार्षिक नुकसान ४२३ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंच ‘आयपीबीईएस’ने २०२३ मध्ये मांडला.

मग करायचे काय?

हे झाड खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूरुत सोडण्यात आला. तो पाने फस्त करतो, पण मुख्यतः पावसाळ्यातच. पहिल्या पावसात आपण भाजीला खुडतो तो टाकळाही दाट वाढला की याला जागा देत नाही. भरवशाचा उपाय मात्र एकच : फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे. नुसते कापले की बुंध्यातून पुन्हा फूट येते.

उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत रोप फुलते. देशभरचा जागृती सप्ताह असतो १६ ते २२ ऑगस्टला. म्हणजे जूनच्या पावसावर उगवलेली पहिली खेप तेव्हा फुललेली असते. सफाईच्या कंत्राटात ‘जुलैअखेर, मुळासकट’ असे स्पष्ट लिहायला हवे. मोकळ्या प्लॉटच्या मालकाला नोटीसही जुलैतच जावी, दिवाळीत नव्हे.