विजयदुर्गावर सूर्यग्रहणाची खरी गोष्ट सांगा

आपलं कबनूर, कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, तळेरे आणि मग थेट खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग. या वाटेने दर हिवाळ्यात शाळांच्या सहली जातात. पडके वाडे, तिहेरी तटबंदी आणि वाघोटन खाडीचं हिरवं पाणी पाहून मुलं हरखतात. त्यांच्या कानावर मात्र इतिहासापेक्षा दंतकथाच जास्त पडतात.

त्यातली सर्वांत लाडकी कथा गडावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'ची. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. दर १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. ज्यातून हेलियमचा शोध लागला, तो सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना पाहिला. ग्रहणात तो पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते गुंटूरला, तर लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला, ढगांशी झगडत. लॉकियर ग्रहणासाठी भारतात आले ते १८७१ मध्ये आणि उतरले केरळातल्या बेकल किल्ल्यावर. तोही समुद्रकाठचाच. दोन किल्ल्यांची सरमिसळ इथूनच झाली असावी.

खरी हकीकत कमी रोमांचक आहे का? मुळीच नाही. चंद्राची सावली १८ ऑगस्ट १८६८ च्या सकाळी कोकण किनाऱ्यावरून देशावर चढली आणि जमखंडीकडे गेली. कबनूरचं शिवारही तिच्या वाटेत होतं! आपल्याच गावावर अंधारून आलं होतं, हे मुलांना कोण सांगतं?

दुसरी कथा पाण्याखालच्या भिंतीची, जिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे बुडालेली दगडी रचना नोंदवली आहे, म्हणजे ही कथा निराधार नाही. तरीही फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं इंग्रजी आरमार खाडीत शिरलं. तोफगोळ्याने मराठी आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली, ती पसरत गेली आणि त्यांचं आरमार जळून खाक झालं. पेशव्यांनी याच मोहिमेत इंग्रजांना साथ दिली होती. मराठी आरमाराच्या ऱ्हासाचं हे दुखरं पान गडावर ठळकपणे मांडलं गेलं पाहिजे.

कोल्हापूरकरांचा तर या गडावर दुहेरी हक्क. तो बांधण्याचं श्रेय परंपरेने ज्याला दिलं जातं, तो शिलाहार राजा दुसरा भोज पन्हाळ्याचाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

आता जगभरचे अभ्यासक येणार. दंतकथा पुसू नयेत, लोकांनी त्या प्रेमाने जपल्या आहेत. पण त्या दंतकथा म्हणूनच सांगाव्यात. पुरातत्त्व खात्याने ओट्यांपाशी १८६८ च्या सावलीचा नकाशा लावावा, त्यावर जमखंडी आणि गुंटूर दाखवावं. स्थानिक वाटाड्यांना प्रशिक्षण द्यावं. आणि सहलीआधी एक तास कबनूरच्या वर्गातच या ग्रहणाला द्यायला शिक्षकांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.