भोकांचं माप एकाच ठिकाणाहून द्या

मुंबईहून पाइपलाइनने आलेलं पेट्रोल-डिझेल लोणी काळभोरच्या डेपोत टँकरमध्ये भरलं जातं. अशा पाइपलाइनींत सर्रास वापरलं जाणारं एएसएमई बी १६.५ हे मानक चार इंची, १५० क्लासच्या फ्लँजला १९ मिमीची आठ भोकं देतं. त्यांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १९०.५ मिमी. पाइप उभ्या सेंटर लाइनवर भोक येऊ न देता, ती दोन्ही बाजूंना सारखी ठेवून बसवायचा, हा रिवाजही ठरलेला. म्हणून एका कारखान्याचा व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या पाइपवर निमूट बसतो. तोच फ्लँज ३०० क्लासचा घेतला तर भोकं आठच, पण पीसीडी २०० मिमी, आणि जोडणी होत नाही. संख्या, व्यास, पीसीडी आणि पहिल्या भोकाची दिशा, यांतलं एक जरी सुटलं तरी बाकीची मापं फुकट. मानक असलेल्या वस्तूंचं ठीक चालतं. रडगाणं सुरू होतं ते पट्ट्या, ब्रॅकेट, झाकणं अशा घरच्या ड्रॉइंगवर.

एका पट्टीवर ओळीने सहा भोकं आहेत आणि ड्रॉइंगवर एकापाठोपाठ पाच वेळा ५० ± ०.१ लिहिलंय, असं समजा. प्रत्येक अंतर ०.१ ने वाढलं तरी माल ड्रॉइंगप्रमाणे बरोबर; सहावं भोक मात्र पहिल्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं. एम ६ बोल्टसाठी सहसा ६.६ मिमीचं भोक पाडतात, म्हणजे एका बाजूला मोकळीक जेमतेम ०.३. पहिल्या भोकात पट्टीची जागा धरणारी पिन असेल, तर समोरचे आटे अगदी जागेवर असूनही सहावा बोल्ट जात नाही. हीच पाच मापं पहिल्या भोकापासून ५०, १००, १५० अशी दिली आणि टॉलरन्स तेवढाच ठेवला, तर सहावं भोक ०.१ पेक्षा जास्त हलूच शकत नाही. एकापाठोपाठ मापांच्या साखळीहूनही वाईट म्हणजे नुसतं ‘६ होल, पिच ५०’ लिहून खाली कोपऱ्यात सर्वसाधारण टॉलरन्स टाकणं. ऑपरेटर ते एका तऱ्हेने वाचतो, तपासणारा दुसऱ्या. दोघेही प्रामाणिक, आणि जॉब रिजेक्शनच्या ट्रेमध्ये.

आता मशीन सीएनसी आहे, ते कुठे चूक साठवतं, असं म्हटलं जातं. खरंय, पण साखळीतली मापं बेरीज करून प्रोग्रॅममध्ये घालण्याचं काम मशीनपाशी उभ्या माणसावरच येतं, आणि उद्या तोच जॉब जिगवर ड्रिल करणाऱ्या दुसऱ्या शेडमध्ये गेला की मशीनचा आधारही सुटतो. थ्रीडी मॉडेल पाठवलं की झालं, हा दुसरा युक्तिवाद. मॉडेल नेमका आकार सांगतं. किती चूक चालेल हे त्यात कुणी मुद्दाम भरल्याशिवाय सांगत नाही. सगळी मापं एका कडेपासून दिली की कागद रेषांनी भरून जातो, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर उपाय भोकांचा तक्ता, किंवा सरळ पोझिशन टॉलरन्स. ±०.१ मुळे भोकाच्या केंद्राला चौकोनी जागा मिळते. चौकोनाचा कोपरा चालतो, तर तेवढंच लांबचं दुसऱ्या कुठल्याही दिशेचं केंद्र का चालू नये? कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ घेतलं तर जागा ५७ टक्क्यांनी वाढते. जोडणी तशीच होते आणि रिजेक्शन घटतं. कारखानदाराला याहून काय हवं?

एकच कड धरून बसणंही शहाणपणाचं नाही. मोटर बसवायच्या चार भोकांची आपसातली अंतरं काटेकोर हवीत, पण तो चौकडा पत्र्याच्या कडेपासून मिलिमीटरभर इकडेतिकडे गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. तिथे आपसातली मापं थेट द्यावीत आणि कडेपासूनचं माप सैल सोडावं. कुठलं माप कामाचं, हे ड्रॉइंग काढणाऱ्यानेच ठरवायला हवं. हा निर्णय त्याने टाळला, तर तो ड्रिल धरणारा घेतो, आणि जोडणी कशाची आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लोणी काळभोरच्या राजबागेत एमआयटी एडीटी विद्यापीठ आहे, तिथून जवळच हडपसरची औद्योगिक वसाहत. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी मुलं शंकू आणि प्रिझमची प्रक्षेपणं घोटून घेतात, ते राहू द्या. पण परीक्षेत एक प्रश्न असाही टाका: सहा भोकांची पट्टी आणि ती जिथे बसते तो भाग शेजारी ठेवून विचारा, मापं कुठून देणार आणि का. गुण उत्तरातल्या ‘का’ला द्या.