फोन बाहेर, मग शूट

न्यूड शूट केलं असं सांगितलं की मित्र दोनच प्रश्न विचारतात. पहिला, 'खरंच?' आणि दुसरा, 'दाखव ना!' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. ते 'नाही' कुठून आलं, त्याचीच ही गोष्ट.

मी मूळचा लग्नांचा फोटोग्राफर. हळदीत लोळणारी भावंडं, रुसलेली आत्या, स्टेजवर घाम पुसणारा नवरा... कॅमेरा धरताना हात कधी थरथरला नाही. पण गोरेगावातल्या भाड्याच्या स्टुडिओत या शूटचे लाइट्स लावताना मी तीनदा पाणी प्यायलो. सॉलिड टेन्शन! बायकोला आधीच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "एसीकडे लक्ष ठेव, तिला थंडी वाजेल."

मॉडेल वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर. पस्तिशीच्या पुढची, साधा सैल कॉटनचा ड्रेस. सैल का, तर घट्ट कपड्यांचे, इलॅस्टिकचे वळ अंगावरून जायला तास-दोन तास लागतात. हे मी वाचलेलं, ती कोळून प्यायलेली. आर्ट कॉलेजच्या लाइफ क्लासमध्ये तिनं बारा वर्षं बैठक दिलीय. आपल्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या अशाच बायकांना समोर बसवून शरीर काढायला शिकल्या, पण चित्राखाली नाव येतं चित्रकाराचं. रवी जाधवांचा 'न्यूड' अशाच एका बाईवर होता. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ज्युरींनी निवडूनही तो यादीतून काढला गेला आणि थिएटरात यायला एप्रिल २०१८ उजाडला.

तर मॅडमनी आल्या आल्या पर्समधून घडी घातलेला कागद काढला. अटी! फोन खोलीबाहेर, माझाही. खोलीत एक बाई असिस्टंट हवीच. पोझ सुधारायची तर तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. दर वीस मिनिटांनी ब्रेक. चेहरा ओळखू येता कामा नये. आणि शेवटी, सगळे फोटो तिच्यासमोर बघायचे, ती 'नको' म्हणेल तो तिथंच डिलीट. बॉस, आमच्या कॉर्पोरेट क्लायंट्सचे ब्रीफसुद्धा इतके क्लिअर नसतात.

"पेमेंट आधी," ती म्हणाली. "नंतर मागायला लाज वाटते."

कपड्यांची नाही, पैसे मागायची लाज! मी गुपचूप पाकीट दिलं.

आता लाज आणि कायदा यांचं आपल्याकडचं नातं जुनं आहे. १९५४ मध्ये अकबर पदमसींना जहांगीरमधल्या 'लव्हर्स' चित्रांवरून अटक झाली, ते कोर्टात लढले आणि जिंकले. मिलिंद सोमण आणि मधु सप्रेची १९९५ ची ती बूट आणि अजगरवाली जाहिरात आठवते? त्या केसमधून सुटायला २००९ साल उजाडलं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चित्र नग्न आहे म्हणून आपोआप अश्लील ठरत नाही. हे सगळं मी शूटच्या आधी घोकलं होतं, स्वतःच्या बचावासाठी. तिला पाठ होतं ते वेगळंच कलम. फोटो काढायला हो म्हटलं म्हणजे तो दुसऱ्याला दाखवायला हो म्हटलं, असं होत नाही. बाईच्या परवानगीशिवाय तिचा असा फोटो पुढं पाठवणं हा गुन्हाच, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. तिनं नंबरासकट सांगितलं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

रोब खाली आला, त्यानंतरची पहिली पाच मिनिटं अवघड होती. माझ्यासाठी. ती शांत उभी, नजर भिंतीवरच्या एका खिळ्यावर. मी उगीच लाइट मीटरशी खेळत बसलो. मग शेवटी काम सुरू झालं आणि गंमत म्हणजे टेन्शन कुठल्या कुठे पळालं, कारण अडचणी निघाल्या त्या सगळ्या टेक्निकल. समोरून लाइट टाकला की शरीर सपाट दिसतं, पासपोर्टच्या फोटोसारखं. एकच लांबट सॉफ्टबॉक्स बाजूला, जरा मागं सरकवला, पलीकडे काळा कपडा टांगला आणि पाठीचा कणा अंधारातून वर आला. ८५ ची लेन्स, एफ-८. पोटावरच्या बाळंतपणाच्या रेघा त्या तिरक्या उजेडात ओल्या वाळूवरच्या लाटांसारख्या दिसत होत्या. "या रिटच करू नका," ती म्हणाली. "विद्यार्थ्यांना पण मी तेच सांगते, दिसतं ते काढा."

एडवर्ड वेस्टनचा १९३६ मधला प्रसिद्ध न्यूड तिला ब्रेकमध्ये लॅपटॉपवर दाखवला. गुडघ्यांभोवती हात, मान खाली, चेहरा अजिबात नाही. त्यातल्या मॉडेलला, कॅरिस विल्सनला, म्हणे शेवटपर्यंत खटकत राहिला तो वाकडा भांग आणि दिसणाऱ्या पिना. मॅडम खळखळून हसल्या. लगेच स्वतःचा अंबाडा चाचपून बघितला.

दुपारी फोटो बघायला बसलो. अडीचशेच्या आसपास क्लिक्स, त्यातला एक असा की मी स्वतःच गप्प झालो. पाठमोरी, उजवा हात डाव्या खांद्यावर, बोटांवर तेवढाच उजेड. कित्येक वर्षांत असा फोटो हाताला लागला नव्हता.

"हा नको," ती म्हणाली.

मनगटावर गोंदण होतं. मुलाचं नाव.

"क्रॉप करतो ना. किंवा ते गोंदण पुसून टाकतो, पाच मिनिटांचं काम."

"पुसाल हो. पण ओरिजिनल फाइल राहीलच ना कुठंतरी?" मग जरा थांबून, "तो दहावीला आहे. वर्गात सगळ्यांकडे फोन."

यावर काय बोलणार? कॅमेऱ्यातनं उडवला, लॅपटॉपवरून उडवला, रिसायकल बिन रिकामा केला. ती स्क्रीनकडे टक लावून बघत होती. पोटात तुटलं, खोटं कशाला बोला. अजूनही आंघोळ करताना तो फोटो आठवतो.

निवडून सात उरले. त्यातले दोन चांगल्या मॅट पेपरवर प्रिंट करून मी तिला नेऊन दिले. विचारलं, "लावणार कुठं?"

"लावतेय कुठली? ट्रंकेत, साड्यांच्या खाली," ती म्हणाली. "पण मोठी साइज नव्हती का?"