मागें बसणाऱ्याविषयीं

मोटारसायकल चालविणाऱ्यास आपली मोटारसायकल कशी चालते हें पूर्णपणें ठाऊक असतें, असा एक समज आहे. आमचाहि तो होता. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तो टिकला.

आमच्यापाशीं साडेतीनशे सी. सी.ची, दूरच्या प्रवासाच्या बेतानें घेतलेली मोटारसायकल आहे. शाळेस सुटी लागली कीं तिच्या दोन बाजूंस दोन पिशव्या बांधाव्या, मागें पत्नीस घ्यावें आणि नळदुर्ग, विजापूर, कधीं त्याहूनहि दूर निघावें, असा आमचा आठ वर्षांचा परिपाठ. अलीकडे एक गोष्ट आमच्या ध्यानांत येऊं लागली होती. पुढें गतिरोधक किंवा खड्डा दिसला कीं आमची पत्नी पायांवर जोर देऊन किंचित् उभी राही, आणि आमच्या खांद्यावरची तिची पकड घट्ट होई. आम्ही हा तिचा भित्रेपणा समजत होतों. एकदोनदां तसें बोलूनहि दाखविलें. पुढें एके दिवशीं चिरंजिवांनीं गाडी चालवावी व आम्ही मागें बसावें असा योग आला. सात रस्त्यापासून होटगी रस्त्यानें निघालों. तीन खड्डे झाले, आणि आठ वर्षांत जें कळलें नव्हतें तें कळलें. चालविणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो. मागचा बसतो तो जवळजवळ मागील चाकाच्या आंसावर. चाक उसळलें कीं धक्का नीट त्याच्या कण्यांत शिरतो, आणि पुढच्यास त्याची धड वार्ताहि लागत नाहीं.

मागील चाकाच्या दोन बाजूंस नळकांड्यासारखे जे दोन शॉकॲब्सॉर्बर असतात, त्यांस येथील मिस्त्री मंडळी ‘शॉकप’ म्हणते. आम्हीहि तेंच नांव चालवूं. प्रत्येक शॉकपांत दोन निराळे नोकर एकत्र राहतात. बाहेरची स्प्रिंग भार पेलते, आणि आंतलें तेल उसळी जिरवितें. पिचकारीचें तोंड बारीक असलें म्हणजे दट्ट्या जसा जोर लावूनच सरकतो, तसें हें तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि धक्क्याची शक्ति उष्णतेंत मुरते. केवळ स्प्रिंग असती तर गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर पाळण्यासारखी झुलत राहिली असती. आतां खरी मेख अशी कीं, दांड्याभोंवतालचें रबर झिजून तेल गळून गेलें तरी स्प्रिंग जागच्या जागीं असते. गाडी उभी असतां पूर्वीइतकीच ऐटबाज दिसते. पाहणाऱ्यास कांहींच गेलें नाहीं असें वाटतें.

याची परीक्षा मात्र सोपी आहे. गाडी स्टँडवरून खालीं घेऊन मागील बैठकीवर दोन्ही हातांनीं भार द्यावा व एकदम सोडावा. मागचा भाग एकदां वर येऊन स्थिरावला तर शॉकप जिवंत आहेत. दोनतीन वेळां वरखालीं झुलला तर त्यांचा अवतार संपला. दांड्यावर तेलाचा ओला, धूळ बसलेला पट्टा दिसला तर परीक्षेचीहि गरज नाहीं. आमच्या डाव्या शॉकपावर तो पट्टा होता. तो केव्हांपासून होता हें सांगवत नाहीं, कारण गाडी धुण्याचें काम आम्ही मुलाकडे दिलेलें होतें.

मागें बसणाऱ्याची उपेक्षा ही जुनी आहे. १९४० च्या सुमारास बहुतेक मोटारसायकलींच्या मागील चाकास कसलाच झोका नसे. तें सांगाड्यास जखडलेलें असे. चालविणाऱ्याच्या खोगिरास स्प्रिंगा असत, आणि दुसरा कोणी बसलाच तर त्याच्यासाठीं मडगार्डावर एक गादी ठोकलेली असे. इंग्लंडांत फिलिप व्हिन्सेंट यानें १९२८ पासूनच आपल्या गाड्यांचें मागील चाक स्प्रिंगांवर बसविलें होतें. तथापि इतरांनीं त्याचा कित्ता गिरविण्यास कैक वर्षें घेतलीं. रॉयल एन्फील्डची बुलेट १९४९ साली हलता चिमटा व तेलाचे शॉकप घेऊन विक्रीस आली, आणि १९५५ पासून तिच्या मद्रास येथील जुळणीची व्यवस्था झाली. आपल्या सरकारासहि मागच्याची आठवण आहे, नाहीं असें नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम त्याच्यासाठीं धरावयास मूठ, पाय ठेवावयास जागा, आणि वस्त्र चाकांत अडकूं नये म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें संरक्षण सांगतो. पाठीविषयीं त्यांत अक्षर नाहीं.

शॉकप मेले म्हणजे लोक काय करितात? तळाशीं असलेली पायऱ्यांची कडी दोन घरें वर चढवितात. गाडी कडक लागते आणि मालक समाधान पावतो. आमच्या मतें ही शुद्ध फसवणूक आहे. कडी चढविल्यानें स्प्रिंग आधींच थोडी दाबून ठेविली जाते, इतकेंच. गळालेलें तेल परत येत नाहीं, आणि मागच्याच्या पाठीस पूर्वींपेक्षां अधिकच सोसावें लागतें. दुसरे कांहीं जण बाजारांतून लाल-पिवळ्या स्प्रिंगांचे, पाठीशीं वायूची डबी लटकविलेले शॉकप आणतात. वायूची योजना मुळांत चांगली. तेलास फेंस येऊं नये म्हणून ती असते. परंतु दोन टोकांच्या भोकांमधील अंतर जुन्या शॉकपाइतकेंच आहे कीं नाहीं हें न पाहतां निव्वळ रंगावर भुलून घेतले, तर गाडीचें शेपूट उंचावतें, साखळीचा ताण बदलतो, आणि डबल स्टँडवर चढविल्यावर चाक जमिनीवरून सुटतच नाहीं. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांत ही उंच शेपटीची हौस फार. त्यांच्या मागें बहुधा कोणी बसतच नाहीं, किंवा बसतात ते एकदम दोघे.

तेव्हां आम्हीं मूळ मापाचे दोन्ही शॉकप आणिले (एकच बदलूं नये, जुन्यानव्याची जोडी चिमट्यास वांकडें ओढते) आणि ते घरींच बदलण्याचें ठरविलें. शनिवारीं दुपारीं घरासमोरच्या फरशीवर गाडी डबल स्टँडवर चढविली, मागील चाकाखालीं एक जुनी फळी सरकविली, पिशव्यांचे गज व साडीगार्ड काढिलें. कृति साधी आहे. दोन्हींकडचे नट आधीं सैल करून मग एका वेळीं एकच शॉकप काढावा. दुसरा चिमट्यास जागेवर धरून ठेवितो. दोन्ही एकदम काढले तर चिमटा खालीं पडतो, आणि मग भोकें जुळवितांना घरांतील सर्व माणसें लागतात. वायसर ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें फरशीवर मांडून ठेवावे.

उजवी बाजू अर्ध्या तासांत झाली. डावीकडचा खालचा नट मात्र हलेना. चिखल, पावसाळे व साखळीचें तेल यांनीं तो एकजीव झाला होता. आम्हीं पान्याच्या दांड्यास लोखंडी नळी लावून जोर केला, हातोडी चालविली, शेवटीं घाम व राग दोन्ही आवरेनात. पत्नी दारांतून पाहत होती. ती म्हणाली, “त्याला तेल पाजा आणि राहू द्या.” गंज सोडविणारें तेल घातलें. दुसरे दिवशीं रविवार; त्या दिवशीं आम्ही पाना हातीं धरीत नाहीं, त्यामुळें तेलास मुरण्यास आणखी एक दिवस मिळाला. सोमवारीं सकाळीं शाळेपूर्वीं नट दोन हलक्या ठोक्यांनीं सुटला.

सायंकाळीं दोन्ही बाजू बसवून आम्ही नट आवळीत होतों, इतक्यांत मापानें आवळण्याचा पाना घेऊन आमचा एक जुना विद्यार्थी आला. तो आमच्याच सांगण्यावरून आणीत होता; त्याचें गॅरेज आहे. नवव्या इयत्तेंत विज्ञानांत आम्हीं त्यास उत्तीर्ण केलें नव्हतें. गाडीकडे पाहून तो म्हणाला, “सर, स्टँडवरच आवळलात काय? रबर पिळून बसतंय, मग फाटतंय. गाडी खाली घ्या, मॅडमना मागं बसवा, आणि मग आवळा की.” त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. शॉकपाच्या भोकांत रबराची बुश असते. चाक लोंबकळत असतां नट घट्ट केला तर रबर त्या स्थितींत धरलें जातें, आणि गाडी खालीं येतांच कायमचा पीळ घेऊन बसतें. पिळाचा हा धडा त्यास आम्हीं शिकविलेला नव्हता. तो त्यानें शिकून आम्हांस शिकविला. सर्व नट पुनः सैल केले. पत्नी बैठकीवर बसली आणि आम्हीं तिच्या भाराखालीं ते गाडीच्या पुस्तकांतील मापानें आवळले.

कित्येक स्नेह्यांनीं पुढें विचारलें, मिस्त्री असतां मास्तरांनीं दारांत बसून हात काळे कां करावे? मजुरी वांचविण्यासाठीं नव्हे. ती थोडकीच असते, आणि आमचे तीन दिवस मोडले. मिस्त्रीचें काम आपण हिरावून घ्यावें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. ज्या गाड्यांस मध्यभागीं एकच शॉकप असतो, त्यांच्या वाटेस घरीं जाऊंच नये. तेथें सांगाडा वर उचलून धरावा लागतो. कोणताहि शॉकप उकलून आंतील स्प्रिंग काढण्याचें धाडस तर मुळींच करूं नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जायबंदी करील. परंतु दोन बाजूंचे चार नट ज्याच्या गाडीस आहेत त्यानें एकदां तरी ते स्वहस्तें सोडावे. आमच्या हातांत जुना डावा शॉकप आला, आणि त्याचा दांडा विनाविरोध, रिकाम्या डब्यासारखा आंतबाहेर होऊं लागला, तेव्हां आमच्या खांद्यावरची ती पकड आम्हांस पुनः आठवली. गॅरेजांतून तयार गाडी आणिली असती तर नुसती पावती मिळाली असती. ज्यास आम्हीं भित्रेपणा म्हटलें होतें, त्याबद्दल त्या दिवशीं घरांत क्षमा मागितली.

पुढील आठवड्यांत नळदुर्गास जाऊन आलों. दोनशें किलोमीटर झाल्यावर नट पुनः तपासले. डावीकडचा खालचा किंचित् फिरला, तो आवळला. आतां पाठीचें कसें काय, असें पत्नीस विचारलें. तिनें उत्तर दिलें नाहीं. किल्ली मुलाच्या हातीं दिली आणि आम्हांस मागें बसण्यास सांगितलें.