माळ रिकामा नसतो

दर जुलैमध्ये पुण्या-पिंपरीतल्या आयटी कंपन्यांच्या बसगाड्या शहराबाहेर निघतात. एकसारखे टी-शर्ट, नाश्त्याची पाकिटं, फावडी आणि रोपं. ठिकाण सासवड, सुपे, दौंड, शिरूरकडचा कुठलातरी 'उजाड' माळ. प्रत्येकाने पाच खड्डे, पाच रोपं, एक फोटो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश ॲपमध्ये जातात आणि संध्याकाळपर्यंत डॅशबोर्डवरचा आकडा वाढतो. मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्याला वाढणारा आकडा फार आवडतो.

या प्रकाराला माझा विरोध आहे. 'लावलेली रोपं पुढे जगत नाहीत' ही नेहमीची तक्रार त्यामागे नाही. रोपं जगली तरी माझा विरोध आहे. जगली तर जास्तच. कारण ती जिथे लावली जातात ती जागा उजाड नसते. तिथे पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी असतात, मधूनच बाभूळ, बोर, हिवर, आणि या सगळ्याच्या आधाराने जगणारे चिंकारा, लांडगे, खोकड, धाविक. या परिसंस्थेला इंग्रजीत सव्हाना म्हणतात. आफ्रिकेतली सव्हाना बघायला लाखो रुपये खर्चून जाणारे आपल्यात आहेत. आपल्या सव्हानाला आपण 'पडीक' म्हणतो.

बसमधल्या चाळीस इंजिनिअरांना गवतं ओळखता येत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. ज्यांना येतात त्यांना विचारायला कुणी गेलेलं नसतं, हे माझं खरं गाऱ्हाणं आहे. आणि विचारायला जावं तर अशी माणसंही दरवर्षी कमी होत चालली आहेत. वनस्पतिशास्त्रात नाहीतर परिसरविज्ञानात एमएस्सी आणि मग पीएचडी करणारा, पाच पावसाळे एकाच माळावर बसून मोजमाप करणारा विद्यार्थी ही आपल्याकडे चैनीची वस्तू समजली जाते. रोप, फावडं आणि ॲप मात्र गरजेची.

'पडीक' हा शब्द वाटतो तितका भोळा नाही. इंग्रजांच्या महसूल खात्याच्या लेखी जी जमीन नांगराखाली नाही आणि सारा देत नाही ती 'वेस्टलँड'. ती कुणाच्या मेंढ्यांना पोसते, हा प्रश्न वहीत नव्हता. स्वातंत्र्यानंतर वही बदलली, रकाना राहिला. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून 'वेस्टलँड ॲटलास' काढतात, त्याची अलीकडची आवृत्ती २०१९ची आहे. गवताळ आणि खुरट्या झुडपांची फार मोठी जमीन त्यात आजही पडीकच आहे. उपग्रह आकाशातून अचूक चित्र घेतो. चित्राला नाव कुठलं द्यायचं हे १९व्या शतकातला कारकून ठरवतो.

मग अशा जमिनीवर सरकारी उत्साहही उतरतो. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ला ४ कोटी, २०१८ला १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी झाडं लावण्याचे संकल्प झाले. 'किती जगली' यावर पुष्कळ राजकारण झालं, अजून होतं. 'कुठे लावली, आणि तिथे आधी काय होतं' यावर फारसं कुणी बोललं नाही.

आधी काय होतं हे शोधून काढणं हेच तर संशोधन. त्याचं एक सुंदर उदाहरण मराठी वाचकाने तरी चुकवू नये. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं म्हणजे इंग्रजांच्या काळात जंगलं तोडल्यावर उरलेला सांगाडा, असा एक लाडका समज आहे. वृक्षारोपणाची सगळी नैतिकता या समजावर उभी आहे: जंगल होतं, आपण तोडलं, आता परत लावूया. आशीष नेर्लेकर हा परिसरवैज्ञानिक आणि पुण्याच्या आयसरमध्ये पीएचडी करणारा दिग्विजय पाटील यांनी हा समज तपासायला जुनं मराठी वाङ्मय घेतलं. तेराव्या शतकापासूनच्या ओव्या, कथा, चरित्रं, आख्यानं यांत येणाऱ्या रानटी झाडाझुडपांची नावं त्यांनी गोळा केली. ४४ जाती सापडल्या, आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश सव्हानाच्या निघाल्या. घनदाट जंगलातल्या अगदी थोड्या. वीरच्या श्रीनाथ म्हस्कोबाच्या 'आदिपर्वा'त कान्हू नावाचा गुराखी नीरेच्या खोऱ्यात येतो तो गुरांना गवत मुबलक आहे म्हणून. निष्कर्ष असा की ही माळरानं किमान साडेसातशे वर्षं माळरानंच आहेत. 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात २०२५ साली हा निबंध आला.

या कामाला किती कमी साधनं लागली ते बघा, आणि किती जास्त विद्या. मध्ययुगीन मराठी वाचता यायला हवी, 'तरवड' आणि 'टाकळा' यांतला फरक माहीत हवा, कुठलं झाड सावलीत जगतं आणि कुठलं उन्हात याचं ज्ञान हवं. यातलं काहीही मला कोडमध्ये लिहिता येणार नाही.

उलट, विद्येशिवाय मॉडेल चालवलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. जुलै २०१९मध्ये झुरिकच्या एका गटाने 'सायन्स'मध्ये निबंध लिहिला की जगात आणखी ९० कोटी हेक्टरांवर वृक्षाच्छादन बसू शकतं आणि त्यातून २०५ अब्ज टन कार्बन शोषला जाईल. जगभर मथळे झाले. त्याच ऑक्टोबरमध्ये त्याच नियतकालिकात परिसरवैज्ञानिकांच्या मोठ्या गटाने उत्तर दिलं: हा आकडा सुमारे पाचपट फुगलेला आहे. गवताळ प्रदेश आणि सव्हाना मॉडेलने 'झाडांसाठी मोकळ्या' धरल्या होत्या आणि तिथल्या मातीत आधीच साठलेला कार्बन नीट मोजला नव्हता. (मॉडेलसाठी वापरलेल्या पद्धतीचं नाव 'रँडम फॉरेस्ट'. हा विनोद मी रचलेला नाही.)

'हवामानबदलाच्या काळात तुम्ही झाडांना विरोध करता?' असं विचारलं जाईल. झाडांना नाही. जिथे जंगल तुटलं तिथे जंगल जरूर वाढवा. पण गवत आपला बराचसा कार्बन जमिनीखाली मुळांत आणि मातीत ठेवतं, वणवा वरून गेला तरी तो तिथे राहतो. माळ खणून गिरीपुष्प लावलं की गवत सावलीत मरतं, आणि ज्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य केलं त्या माळढोकासारख्या पक्ष्याला उभं राहायला जागा उरत नाही. महाराष्ट्रात तो आज जवळजवळ संपला आहे. त्याची कारणं अनेक आहेत, पण माळाला माळ न समजणं हे त्यांतलं एक.

शाश्वत शेतीवरची भाषणंही इथेच येऊन अडखळतात. पावसाळ्यात माळावर चरलेल्या मेंढ्या घेऊन धनगर दिवाळीनंतर खाली उतरतात, शेतकरी त्या शेतात बसवतात, बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. लेंडीखत थेट वावरात पडतं, वाहतूक शून्य. माळ गेला की मेंढी जाते, मेंढी गेली की युरियाची गोणी येते. या साखळीत नत्र किती फिरतो, मातीचा सेंद्रिय कर्ब किती वर्षांनी हलतो, कुठल्या चराईने मारवेल टिकतं आणि कुठल्या चराईने नुसती कुसळी उरते, हे मोजायला पीएचडीच्या विद्यार्थ्यांची अख्खी रांग लागेल. त्याऐवजी माझ्या क्षेत्रातून ढीगभर 'ॲग्रिटेक' येतं, ज्यात शेतकऱ्याला उद्याचा पाऊस आणि औषधाची जाहिरात एकाच पडद्यावर दिसते.

आपल्याकडे कधीच काही झालं नाही असंही नाही. १९३५ साली ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांवर ग्रंथ केला. झाशीला १९६२पासून गवत व चारा संशोधन संस्था आहे. तिथल्या दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारताच्या गवताळ प्रदेशांची वर्गवारी केली, ती आजही वापरली जाते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे वाण दिले. आणि माझ्या जातभाईंसाठी खास: मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची लिहिणारा थिओडोर कूक हा मूळचा इंजिनिअर, रेल्वेतून आलेला आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य. इंजिनिअरला गवत ओळखता येत नाही असा काही नियम नाही.

कमी पडतो तो वेळ. इंग्लंडमध्ये रॉथम्स्टेडला 'पार्क ग्रास' नावाचा एक प्रयोग १८५६ साली सुरू झाला: एका कुरणाचे तुकडे, प्रत्येकाला वेगळं खत, दरवर्षी कापणी आणि नोंद. तो अजून चालू आहे. नुसतं नत्रखत टाकत राहिलं की कुरणातल्या जाती कशा गळत जातात, हे त्या संथ नोंदींतून कळलं. तिथे विद्यार्थी येतो, चार वर्षं मोजतो, जातो; वही पुढच्याच्या हातात पडते. आपल्याकडे प्रबंधासाठी दोन हंगाम मोजायचे, पदवी घ्यायची, आणि एक्सेल फाईल विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपबरोबर मरते. पुढचा विद्यार्थी 'नवा विषय' हवा म्हणून दुसरीकडे खड्डा खणतो. प्रबंधाची पीडीएफ 'शोधगंगा'वर किंवा 'कृषिकोश'वर मिळते, पण त्या पीडीएफमधल्या तक्त्यातली सरासरी म्हणजे डेटा नव्हे. आमच्याकडे साधं बटण हलवलं तरी कुणी, कधी, का हलवलं याची कायमची नोंद राहते. ज्या माळाला साडेसातशे वर्षांचा इतिहास आहे त्याच्या नोंदी दर तीन वर्षांनी पुसल्या जातात, हे मला धंद्याच्या हिशोबानेही असह्य वाटतं.

आता पैशाचं. नेट उत्तीर्ण झालेल्याला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढची तीन ४२ हजार असा फेलोशिपचा २०२३पासूनचा दर आहे. घरभाडं सोडून पाच वर्षांचे होतात २४ लाख. जो नेटच्या यादीत बसत नाही त्याला केंद्रीय विद्यापीठांत महिना ८ हजार ठरले ते २०१२ साली. कंपनी कायद्यात सीएसआरच्या यादीत 'पर्यावरण' आहे म्हणून बसगाड्या निघतात. त्याच यादीत सार्वजनिक विद्यापीठांतल्या विज्ञान-संशोधनाला देणगी देण्याचीही सोय आहे. एखाद्या कंपनीने यंदाचा जुलै सोडून द्यावा, सुप्याच्या किंवा सासवडच्या एका माळावर एका विद्यार्थ्याला पाच वर्षं बसवावं, आणि तो गेला की दुसऱ्याला. त्याने मोजलेलं सगळं जसंच्या तसं खुलं ठेवायचं, ते सांभाळणारं सॉफ्टवेअर मी फुकट लिहून देतो. शनिवारी येतो. फावडं आणणार नाही.