मुलांच्या मताला किंमत आहे काय?

१५ ऑक्टोबर हा दिवस महाराष्ट्र सरकार २०१५ सालापासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा करीत आले आहे. २०२४ साली शिक्षण खात्याने त्याच्या जोडीला 'महावाचन उत्सव' जाहीर केला. तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी आवडीचे पुस्तक वाचावे, त्याविषयीचे आपले विचार मोजक्या शब्दांत लिहावेत, ते संकेतस्थळावर चढवावेत आणि त्यांतील उत्तम लेखनाला बक्षिसे मिळावीत, अशी ती योजना होती. मुलांनी वाचावे आणि वाचलेल्याविषयी बोलावे याला कोण विरोध करील? आमचाही विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो ह्या सर्व समारंभांच्या मुळाशी असलेल्या एका गृहीतकाला. मुलांचे मत ही मागवण्याची, मोजण्याची आणि बक्षीस देण्याची वस्तू आहे, असे ते गृहीतक आहे. ते मत ऐकावे, त्याच्याशी वाद घालावा आणि ते पटले तर आपल्या व्यवहारात काही बदल करावा, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसते.

राजकीय साप्ताहिकाने ह्या बालवाङ्मयाच्या प्रश्नात कशाला पडावे, असे काही साथींना वाटेल. त्यांनी थोडा विचार करावा. गणिताच्या पुस्तकात उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेली असतात. इतिहासाच्या पुस्तकातले उत्तर परीक्षेपुरते ठरलेले असते. शाळकरी मुलाच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत कादंबरी हे एकच पुस्तक असे आहे की, ज्याचे उत्तर मागे छापलेले नसते. अमुक माणूस असा का वागला, त्याने तसे वागायला हवे होते काय, दोष कोणाचा, हे मुलाला स्वतः ठरवावे लागते. शेजारच्या मुलाने तेच पुस्तक वाचून निराळे ठरवलेले असते. मग आपल्या मताला कारणे द्यावी लागतात, दुसऱ्याची कारणे ऐकावी लागतात आणि प्रसंगी मत बदलावे लागते. ग्रामसभेत उभे राहून बोलणाऱ्या नागरिकाला ह्याहून निराळे काय करावे लागते? लोकशाहीची ही पहिली तालीम आहे. म्हणून तो पक्षकार्याचा प्रश्न आहे.

मुलांना खरोखर मोकळे बोलू दिले तर ती काय बोलतात, याचा अनुभव इंदापूर तालुक्यातील बावड्यात आम्ही घेतला आहे. सातवी ते नववीची दहा-बारा मुले, हातोहात फिरलेल्या दोन कादंबऱ्या आणि कोणतीही परीक्षा नाही, एवढीच सामग्री होती. साने गुरुजींची 'श्यामची आई' वाचून एक मुलगी म्हणाली, "पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आईने मारले ते मला आवडले नाही. भीती कसली वाटते ते आधी विचारायला हवे होते." दुसरीने आईची बाजू घेतली. त्यावर अर्धा तास वाद झाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचलेल्या एका मुलाचे म्हणणे निराळेच होते. "दुष्काळ पडल्यावर गावातली माणसे निघून गेली असे लिहिले आहे, पण ती कुठे गेली आणि तिथे त्यांचे काय झाले ते सांगितलेले नाही. आमच्याकडे ऊस तोडायला येतात ती अशीच असतील." १९५५ सालच्या ह्या कादंबरीवर मराठीत पुष्कळ समीक्षा झाली आहे. परंतु कोरडवाहू भागातून उठलेली माणसे बागाईत मुलखात मजूर म्हणून उतरतात, हा अर्थशास्त्रातला धडा त्या मुलाने पुस्तकाबाहेर पाहून आपणच शोधून काढला. तो त्याला कोणी शिकवला नव्हता. कारखान्याच्या वाटेवरची कोपी त्याने पाहिली होती आणि कादंबरी वाचली होती. दोहोंचा सांधा त्याने स्वतः जुळवला.

ह्याच मुलांपैकी काहींनी ह्याच पुस्तकांवर शाळेसाठी लिहिले तेव्हा काय झाले? 'या पुस्तकातून मला मातृप्रेमाची शिकवण मिळाली', 'या पुस्तकातून मला ग्रामीण जीवनाचे दर्शन घडले', ही ठरीव वाक्ये कागदावर उतरली. मुले खोटारडी नसतात. मोठ्यांना काय हवे आहे ते ती चटकन ओळखतात, इतकेच. ज्या मताला गुण मिळणार असतात ते मत गुणांच्या दिशेनेच झुकते. शिक्षकांना दोष देण्यातही अर्थ नाही. किती मुलांचे लेखन चढवले ह्याचा आकडा वरून मागितला जातो, आणि आकड्यात भीतीविषयीच्या वादाला जागा नसते. ज्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले आणि १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार दलितांना उघडावे म्हणून प्राण पणाला लावले, त्यांच्या पुस्तकाविषयी मुलाने फक्त स्तुती करावी, ही अपेक्षा गुरुजींचा गौरव करणारी नाही.

हे बावड्याच्या संदर्भात सांगण्याला आणखी एक कारण आहे. १९७२ हे वर्ष युनेस्कोने आंतरराष्ट्रीय ग्रंथवर्ष म्हणून पाळले. ग्रंथालयांना साहाय्य करणारे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आपल्या देशात त्याच वर्षी स्थापन झाले. आणि त्याच वर्षी ह्या बावड्यात दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार घातला गेला. दलित पँथरच्या स्थापनेमागची जी कारणे सांगितली जातात त्यांत बावड्याचे नाव येते ते त्यामुळे. बहिष्काराचा अर्थ काय? तुमच्याशी व्यवहार नाही, म्हणजेच तुमच्याशी बोलणे नाही. तेव्हाची पिढी आता म्हातारी झाली आहे आणि आजच्या मुलांवर त्या वर्षाचा बोजा टाकण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजात कोणी बोलावे आणि कोणी ऐकून घ्यावे हे जन्माने ठरत आले, तेथे एकाच सतरंजीवर बसून वस्तीतल्या मुलीने वाड्यातल्या मुलाला 'तुझे म्हणणे मला पटत नाही, कारण...' असे सांगणे ही साधी गोष्ट नाही. त्या 'कारण' शब्दाला फार मोल आहे. कादंबरी हे त्यासाठी सोयीचे निमित्त आहे. वाद गावातल्या माणसांवर नसतो, पुस्तकातल्या माणसांवर असतो. म्हणून तो मोकळेपणाने करता येतो. आणि एकदा सवय लागली की ती पुस्तकापुरती राहत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. त्याच्या दोन वर्षे आधी, १८५५ साली, फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला होता. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका शाळकरी मुलीचे मत तेव्हा वृत्तपत्राने छापले. त्यावर कोणी 'प्रेरणादायी' असा शिक्का मारून ते फायलीत ठेवले नाही. आज पावणेदोनशे वर्षांनी आपण त्या मापाने पुढे गेलो आहोत काय?

आता ह्या प्रश्नाची अर्थशास्त्रीय बाजू पाहू, कारण खरी गोम तेथेच आहे. बाजारात वस्तू वापरणारा, ती निवडणारा आणि तिचे पैसे देणारा हे साधारणतः एकच असतात. म्हणून वाईट वस्तू फार काळ खपत नाही. मुलांच्या पुस्तकांत हे तिघे वेगवेगळे आहेत. वाचायचे मुलाने, निवडायचे अधिकाऱ्याने वा समितीने, पैसे द्यायचे सरकारने अथवा पालकाने. मुलाला भूक आहे पण क्रयशक्ती नाही. म्हणजे त्याची मागणी अर्थशास्त्राच्या भाषेत परिणामकारक मागणीच नव्हे. परिणाम उघड आहे. घाऊक सवलतीत मिळणारे गठ्ठे, थोर पुरुषांची घाईने लिहिलेली चरित्रे, बोधकथांचे तेच ते संग्रह कपाटात जातात आणि तेथेच राहतात. कोणी न वाचल्याची नोंद पुढच्या वर्षीच्या खरेदीपर्यंत पोचत नाही, म्हणून तसलीच पुस्तके पुन्हा येतात. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला पुरस्कार देते; त्याची निवडही मोठी माणसेच करतात. मुलांचे मत मागवणारी शासकीय यंत्रणा त्या मतावरून एका पुस्तकाची तरी खरेदी बदलते काय, हा आमचा प्रश्न आहे. बदलत नसेल तर त्या मताला किंमत नाही, मग बक्षीस कितीही मोठे असो.

आणि मुळात पुस्तके आहेत कोठे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तकेही असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडता यावेत, असेही आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचे पदच नाही. पुस्तके असतात ती पेटीत, आणि हरवली तर भरपाई कोण देणार ह्या धास्तीने पेटीला कुलूप असते. सार्वजनिक ग्रंथालयांची कथा निराळी नाही. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालयांचे मोठे जाळे उभे राहिले, पण २०१२ च्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता वर्षानुवर्षे रोखून धरली गेली. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली, तिचा गाजावाजाही झाला. त्या वाढीने 'ड' वर्गातील ग्रंथालयाचे अनुदान वर्षाला ३० हजारांचे ४८ हजार झाले, म्हणजे महिना ४ हजार रुपये. त्यात ग्रंथपालाचा पगार, जागा, वीज, वर्तमानपत्रे आणि उरले तर पुस्तके. एका मराठी कादंबरीला आज दोन-तीनशे रुपये सहज पडतात. एकाच कादंबरीच्या पाच प्रती घेतल्याशिवाय पाच मुलांचा वाद होत नाही. हा हिशेब कोणत्या उत्सवात मांडला गेला?

ऊसतोड मजुरांच्या मुलांचे तर नावच नको. बारामती-इंदापूरच्या कारखान्यांचा पट्टा सुरू झाला की ती आईबापांबरोबर येतात आणि पट्टा पडला की जातात. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहांची योजना झाली, पण पाचटाच्या कोपीपर्यंत गोष्टीचे पुस्तक नेण्याची जबाबदारी ना कारखान्याची, ना मुकादमाची, ना शिक्षण खात्याची. 'बनगरवाडी'तली माणसे पुढे कुठे गेली ह्या प्रश्नाचे खरे उत्तर ज्यांच्याजवळ आहे, त्यांच्या हाती ते पुस्तक पडतच नाही.

काही साथी म्हणतील, आधी भाकरी, मग कादंबरी. हा युक्तिवाद ऐकायला कडक वाटतो, पण तो शेवटी मालकवर्गाच्याच सोयीचा आहे. दीड दिवसाच्या शाळेवर वाढलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' मराठीला दिली. भाकरीचा प्रश्न सुटेपर्यंत ते थांबले नाहीत. दुसरा आक्षेप असा की, मुलांची समज कच्ची. त्यांच्यावर सोपवले तर ती 'फास्टर फेणे'च मागतील. मागू द्या. भा. रा. भागवतांनी तो मुलांसाठीच लिहिला. एकाच पुस्तकाच्या फाटेपर्यंत वाचलेल्या प्रती ह्या कोऱ्या राहिलेल्या शंभर ग्रंथांहून कोणत्याही ग्रंथालयाला भूषणावह आहेत.

मुलांच्या मतावर विसंबणारे वेडे नसतात, याचे दाखले जगात आहेत. लंडनचे प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी १९३६ साली 'द हॉबिट'चे हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिले, एक शिलिंग मोबदला देऊन त्याचा अभिप्राय लिहून घेतला आणि १९३७ साली पुस्तक काढले. फ्रान्समध्ये १९८८ पासून माध्यमिक शाळांतील सुमारे दोन हजार विद्यार्थी दरवर्षी गाँकूर पारितोषिकासाठी निवडलेल्या कादंबऱ्या वाचतात, वाद घालतात आणि आपला स्वतंत्र पुरस्कार देतात. तो पुरस्कार मिळालेली कादंबरी फ्रान्सभर खपते. येथे मत आणि परिणाम यांची गाठ घातली आहे. आपल्याकडे ती कापलेली आहे. मुलाला आपले मत मांडण्याचा आणि त्या मताची योग्य दखल घेतली जाण्याचा हक्क देणाऱ्या १९८९ च्या बालहक्क संहितेला भारत १९९२ साली बांधील झाला, हे येथे आठवलेले बरे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. शाळेच्या आणि अनुदानित ग्रंथालयाच्या बालविभागाच्या पुस्तक खरेदीपैकी निदान एक तृतीयांश रक्कम मुलांनी वाचून, चर्चा करून ठरवलेल्या पुस्तकांवर खर्च व्हावी. एकाच कादंबरीच्या पाच-सहा प्रती घेण्यास मुभा असावी. हरवलेल्या व फाटलेल्या पुस्तकांची वसुली शिक्षकाकडून होऊ नये. मुलांच्या अभिप्रायाला गुण आणि क्रमांक देणे बंद व्हावे. आणि गाळप हंगामात कारखान्याच्या परिसरात फिरते ग्रंथालय असावे, त्याचा खर्च कारखान्याने उचलावा.

मागण्या करून थांबणे आपल्याला शोभणार नाही. प्रत्येक गावातील साथींनी आठवड्यातून एक संध्याकाळ काढावी. एक सतरंजी, एका कादंबरीच्या चार-पाच प्रती आणि सर्व आळ्यांतली मुले एवढे पुरे. अट एकच, आणि ती पाळायला आपल्यासारख्या भाषणप्रिय मंडळींना जड जाईल: मुले बोलत असताना मोठ्यांनी गप्प बसावे.